सोनं ओळखणारा कान

पाटोद्याच्या आसपास सोनं तपासायच्या दोन जागा होत्या. एक सराफाच्या दुकानातला काळा दगड आणि दुसरा माझा उजवा कान. बायका दगडाला फारशा मानायच्या नाहीत, कारण दगड सराफाचा. कान मात्र गावचा होता.

माझी कातडी जन्माचीच चिडकी. लहानपणी जत्रेत गिलिटाची फुलं घेतली होती, म्हणजे वरून सोन्याचं पाणी आणि आत काय ते देव जाणे. दुसऱ्या दिवशी कान असा सुजला की आमच्या म्हशीनं आपलंच रेडकू समजून मला चाटलं. बीडला कॉलेजात असताना जीन्सच्या बटणानं बेंबीखाली लाल गोल उठवला. पुढे घड्याळाच्या मागच्या पत्र्यानं मनगटावर जो चट्टा उठला, तो तर वेळसुद्धा दाखवायचा, फक्त दहा मिनिटं मागे.

शेवटी बीडच्याच एका कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी उलगडा केला. म्हणाल्या, "याला निकेल म्हणतात. स्वस्त दागिन्यांत, हुकांत, बटणांत मिसळलेलं असतं. तुम्हाला चांगल्या कॅरेटचं सोनं चालेल, चांगली चांदी चालेल, टायटॅनियम चालेल."

टायटॅनियम मी पाटोद्याच्या सराफाला मागितलं. तो चष्म्यावरून बघत म्हणाला, "बाई, ते विमानाला लावतेत. तुमाला उडायचं हाय का?"

मग सोन्याची बारीक फुलं केली आणि मागच्या फिरक्याही सोन्याच्याच करून घेतल्या. कारण मी दारात पोचले तेव्हा डॉक्टरीणबाई मागून म्हणाल्या होत्या, "आणि हो, फूल सोन्याचं असलं तरी मागची फिरकी कशाची आहे ते बघत जा." हे वाक्य दहा वर्षं माझ्या डोक्यात नीट जपून होतं. मी ते कुणाला सांगितलं नाही, एवढंच.

न सांगायचं कारण असं, की त्यानंतर लवकरच माझा कान नावारूपाला आला. सुरुवात शेजारणीनं केली. नवऱ्यानं दिवाळीला आणलेली फुलं माझ्या हातात देत म्हणाली, "अक्का, जरा घालून बघ बरं. तुला लगीच कळतं." मी घातली. तासाभरात कान चुणचुणला. तिनं घरी जाऊन नवऱ्याला असं फैलावर घेतलं की तो तीन दिवस शेतातल्या मचाणावर राहिला आणि पाखरांनी त्याला आपल्यात घेतलं. बातमी पार कडा गावापर्यंत गेली. मग बायका येऊ लागल्या. कुणी लोणचं आणायची, कुणी तूप, कुणी शेंगा. मी डोळे मिटून पाटावर बसायची, अंगात आल्यासारखी. कान तापला की निकाल सांगायची, "खोटं हाय." गार राहिला की, "खरं हाय." अधूनमधून फिरकीचं ते वाक्य आठवायचं. पण लोणच्याच्या एवढ्या बरण्यांपुढे एक वाक्य कितीसं टिकणार?

माझ्या चुलतीची फुलंसुद्धा याच कानानं नापास केली होती. तिनं ती रागारागानं गिलिटाच्या भावात मोडीत काढली. सराफानं निरोप धाडला, "अक्काला म्हनावं, एकदा तुमचा कान दुकानात ठिवा, मी घरी बसतो."

हे सगळं असंच चाललं असतं. पण माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं.

मुलगा गेवराईकडचा, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा. बहिणीला तो मनापासून आवडला होता. फोनवर दोघं एवढं बोलायचे की लग्नानंतर बोलायला काही उरेल की नाही याची मला काळजी होती. साखरपुड्याच्या दिवशी मुलाची आई फुलं-झुबे घेऊन आली. एका जुन्या रुमालाच्या गाठीत बांधलेले. ते तिला बहिणीच्या कानात आपल्या हातानं घालायचे होते. ती गाठ सोडतेय तोच चुलती मध्ये आली.

"थांबा विहीणबाई. आमच्यात आधी थोरलीच्या कानात घालतेत."

आमच्यात असली कुठलीच रीत नव्हती. ती चुलतीनं जागेवर तयार केली. विहीणबाई बिचाऱ्या म्हणाल्या, "घाला की," आणि मीही मान पुढे करून एक फूल उजव्या कानात घालून घेतलं. नाही म्हणता आलं असतं. मांडवभर बायका बघत होत्या आणि मला ते बघणं आवडत होतं, हे खरं.

पंगती उठेपर्यंत माझा उजवा कान असा पेटला की त्यावर कुणी भाकरी टाकली असती तर फुगली असती. मी पदर पुढे ओढला. चुलतीनं तो मागे ओढला.

"बघा गं बघा! टमाटा झालाय! गिलिट हाय गिलिट!"

बातमी पुरुषांच्या बाजूला गेली. वडील उठून आले. ते कमी बोलतात, पण बोलले की घराची कौलं ऐकतात. म्हणाले, "पहिल्याच दिवशी खोटं? मंग ही सोयरीक आपल्याला न्हाई जमायची."

विहीणबाईंचा चेहरा उतरला. "कावून असं बोलताव दादा? माझ्या आईच्या कानातले हायत ते. मी जल्मात गिलिट घेतलं न्हाई."

"आमच्या पोरीचा कान खोटं बोलत न्हाई," चुलती म्हणाली.

बहीण स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हाताला मेंदी, त्यामुळे डोळेही पुसता येत नव्हते. तिनं वडिलांकडे पाहिलं नाही, सासूकडे पाहिलं नाही. मला विचारलं, "अक्का, तुझ्या कानाला खरंच कळतं का?"

दहा वर्षांत हा प्रश्न कुणीही विचारला नव्हता.

मी फूल काढून तळहातावर उलटं केलं. फूल जुनं, झिजलेलं, पिवळं. मागची फिरकी कोरी करकरीत, स्टीलच्या वाटीसारखी चमकणारी.

"विहीणबाई, ह्या फिरक्या कुठल्या?"

"जुन्या हरवल्या. परवा फॅन्सीच्या दुकानातून बसवल्या. का वं?"

मग मी सांगितलं. निकेल सांगितलं, डॉक्टरीणबाई सांगितल्या, दारातलं वाक्य सांगितलं. कान सोनं ओळखत नाही, फक्त निकेल ओळखतो, आणि ते बहुतेक वेळा फिरकीतच असतं. पत्रावळीवरच्या माश्यांनीसुद्धा पाय पुसणं थांबवलं.

चुलती हळूच म्हणाली, "म्हंजी माझी फुलं?"

"खरी असतील, काकू."

"असतील?"

पण गंमत अशी की हे कुणाला पटेना. खोटं सांगितलं तेव्हा सगळ्यांचा विश्वास होता. खरं सांगितलं तर वडील म्हणाले, "बहिणीसाठी बनवून सांगती ही." चुलतीला तर ते पटवून घेणं परवडण्यासारखंच नव्हतं.

मग मी माझ्या कानातल्या फुलाची सोन्याची फिरकी काढली, विहीणबाईंच्या दुसऱ्या फुलाला लावली आणि ते डाव्या कानात घातलं. म्हटलं, "फूल त्येंचं, फिरकी माझी. आता बसा."

सगळे बसले. दुपारच्या तीनपासून मांडवावरचं ऊन उतरेपर्यंत दोन घराणी माझ्या डाव्या कानाकडे बघत होती. चुलती दर दहा मिनिटांनी मोबाईलची बॅटरी लावून तपासायची, दिवसाढवळ्या. विहीणबाईंनी चहा घेतला नाही. नवरा मुलगा एकदा येऊन वाकून म्हणाला, "अक्का, खाजतंय का?"

मी म्हटलं, "भाऊ, तुमी समोर हुबं राहिलाव तर खाजंल."

उजवा कान धगधगत होता. डावा रांजणाच्या बुडासारखा गार. शेवटी वडिलांनी स्वतः येऊन माझी डावी पाळी दोन बोटांत धरून पाहिली. लहानपणी धरायचे तशी, फक्त पिरगाळली नाही. मग मागे वळून म्हणाले, "साखर वाटा."

विहीणबाईंनी बहिणीच्या कानात फुलं-झुबे घातले. पण तिची कातडी माझ्याच घाण्यातली. म्हणून मी माझ्या दोन्ही सोन्याच्या फिरक्या त्यांना लावून दिल्या. त्या आता गेवराईला असतात. सराफाकडे नव्या करायला मी अजून गेलेली नाही, कारण तो काय काय बोलेल ते मला पाठ आहे.

लग्नात मी कानात कडुलिंबाच्या काड्या घालून मिरवले, नुकत्याच कान टोचलेल्या पोरीसारखी. तपासायला कुणी आलं नाही. लोणचंही नाही. फक्त चुलती पंगतीत शेजारी येऊन बसली, माझ्या कानाकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "काडी तरी खरी हाय का गं?"