टाच वळवा, भाऊसाहेब

माणूस समोर आला की ते आधी त्याच्या पायांकडे बघायचे. चेहरा नंतर. चपला कुठल्या बाजूने झिजल्यात ते बघून हा पुढे गुडघ्याने अडेल की कमरेने, हे सांगायचे. तुमच्यापैकी जे तेव्हा आमच्या साखर कारखान्याच्या भागात राहत होते, त्यांना हा किडकिडीत, निळ्या बोटांचा रंगारी आठवत असेल. बाजाराच्या मागे त्यांचं साड्या रंगवायचं दुकान होतं आणि संध्याकाळी ते कोरड्या तलावात मुलांना तायक्वांदो शिकवायचे. मुलं त्यांना वस्ताद म्हणायची.

मी कारखान्यात लिपिक होतो. अहवाल, अभिनंदनाचे ठराव, अध्यक्षांची भाषणं, सगळं माझ्या हातचं. चाळिशीत डॉक्टरांनी पोट कमी करायला सांगितलं म्हणून मीही त्या तलावात जाऊन उभा राहिलो, दहा-बारा वर्षांच्या पोरापोरींच्या रांगेत शेवटचा. लाथ मारताना जो पाय जमिनीवर असतो तो जागच्या जागी वळवावा लागतो, नाहीतर सगळा पीळ गुडघ्यावर येतो. माझा काही वळायचा नाही.

"टाच वळवा, भाऊसाहेब," ते रोज वीस वेळा म्हणत. एकदा म्हणाले, "साहेबापुढं मान लई चटकन हालते तुमची. टाच कावून वळंना?" मुलं हसली. मीही हसलो.

ही विद्या त्यांनी हैदराबादला रंगाच्या कारखान्यात कामाला असताना शिकून घेतली होती. दम खायला बसलो की तिची गोष्ट सांगत. कोरिया नकाशावर दाखवा म्हटलं असतं तर त्यांना जमलं नसतं, पण गोष्ट पक्की होती. जुन्या काळी तिथल्या गावांत सणासुदीला लोक पायांनी खेळायचे, समोरच्याला पायात पाय घालून पाडायचे. मग जपानचं राज्य आलं आणि खेळ बंद पडला. मोजक्या म्हाताऱ्यांच्या अंगात तेवढा उरला. ते राज्य गेल्यावर नवे आखाडे निघाले. कुणी जपानी विद्या शिकून आलेला, कुणी जुन्या लाथा आठवणारा, प्रत्येकाच्या खेळाचं नाव निराळं.

"मग समद्यांनी मिळून सोसायटी केली," ते म्हणत. "एक नाव ठेवलं. आपल्या कारखान्यावानी. फकस्त चेरमन कोन आन् खेळ पयला कुनी काढला, यावरून तिकडंबी भांडनं हायेत." यावर सगळ्यात जास्त तेच हसायचे.

पट्टे ते स्वतः शिवायचे आणि स्वतःच रंगवायचे. परीक्षा झाली की सगळ्यांचे पट्टे जमा करत, आठवड्याने कुणाचा पिवळा होऊन येई, कुणाचा हिरवा. दुष्काळाच्या त्या वर्षी वर्गात सगळेच नवे होते, पांढऱ्या पट्ट्याचे. परीक्षा झाली, पट्टे जमा झाले आणि परत आलेच नाहीत. टँकर चार दिवसांनी यायचा. "प्यायचं पानी रंगात घालनार न्हाई," ते म्हणाले. "पाऊस पडू द्या." दुकानातलं रंगाचं पातेलंही त्यांनी उपडं घातलं होतं. धंदा बसला होता.

त्याच वर्षी कारखान्याचा रौप्यमहोत्सव आला. ऊस नाही, गाळप नाही, तरी समारंभ ठरला. संचालक मंडळाने ठराव केला की एक व्यायामशाळा बांधायची आणि हा खेळ ज्याने भागात आणला त्याला तिथे पगारी शिक्षक नेमायचं. स्मरणिकेत 'आमच्या भागातील तायक्वांदोचा उगम व विकास' हा लेख माझ्याकडे आला. वस्तादांचं नाव मी पहिल्याच ओळीत घातलं. त्यांची नेमणूक त्या ओळीवर होणार होती.

अध्यक्षांनी लेख माझ्यासमोरच वाचला. नावावर पेन थांबलं. त्यांच्या पुतण्याने पुण्यात दहा दिवसांचं शिबिर केलं होतं. "उगम तिथून धरा," ते म्हणाले. आवाज चढवला नाही, धमकी दिली नाही. टेबलावर दुसरा एक कागद होता, गाळप नाही म्हणून घरी बसवायच्या माणसांची यादी. ती मीच टाइप केली होती. शेवटच्या दोन जागा अजून मोकळ्या होत्या.

मी जागेवर आलो आणि नवी पहिली ओळ लिहिली. शेवटी 'तसेच स्थानिकांचे सहकार्य लाभले' एवढं ठेवलं. त्यात वस्ताद आले, अशी मी माझी समजूत घातली.

स्मरणिका निघाली त्याच्या दुसऱ्या दिवशी ते कार्यालयात आले. पहिल्यांदाच त्यांनी आधी माझ्या तोंडाकडे बघितलं. मग त्या लेखाचं पान उघडून पुतण्याच्या फोटोवर बोट ठेवलं. हवेत लाथ, अंगावर नवाकोरा पोशाख.

"ह्याची टाच वळलेली न्हाई, भाऊसाहेब."

मी फोटोकडे बघितलं.

"पोरं हेच बघून शिकतील. गुडघे जातील. खाली एक वळ छापा, हे चुकीचं हाय म्हनून."

मी म्हणालो, आता छापून झालं.

"व्हय," ते म्हणाले, "छापून झालं." स्मरणिका मिटून माझ्या टेबलावर ठेवली आणि गेले. नावाचा विषयही काढला नाही. काढला असता तर मी उत्तरं पाठ करून बसलो होतो.

व्यायामशाळा झाली. पुतण्या वर्षभर आला, मग निवडणुकीला लागला. पुढे तिथे खताची पोती पडली. वस्ताद पाऊस पडायच्या आधीच घर आवरून गेले होते. काही वर्षांनी मांजरसुंब्याला मला एसटीच्या खिडकीतून दिसले, धाब्याबाहेर ट्रकची ताडपत्री शिवत बसलेले. गाडी दहा मिनिटं थांबली होती. मी उतरलो नाही.

यंदा ते गेल्याचं कळलं. बीडला बसस्थानकामागे त्यांच्या मुलीचं शिवणाचं दुकान आहे, तिथे गेलो. तिला सगळं सांगितलं. म्हटलं, आता खरं काय ते नावासकट छापतो.

तिने मशीन थांबवलं नाही. "आता नाव नका घालू, चाचा. अब्बा होते तवा एका वळीत बसलं असतं."

म्हणून इथेही नाव नाही. पण त्या लेखाची पहिली ओळ आज दुरुस्त करतो: आमच्या भागात तायक्वांदो एका रंगाऱ्याने आणला.

निघताना तिने कपाटातून एक गाठोडं काढलं. आत बावीस पांढरे पट्टे, प्रत्येकाला एक चिठ्ठी शिवलेली. चिठ्ठीवर नाव आणि द्यायचा रंग. तळाशी माझा होता. त्यांच्या वेड्यावाकड्या अक्षरात माझं नाव, पुढे 'पिवळा', आणि खाली बारीक: 'टाच वळली.'

तो पट्टा मी घेऊन आलो. आता घरात नळाला पाणी आहे. मी तो रंगवलेला नाही.