विकायच्या गाडीचे प्लग

पंपावर पेट्रोलचा वास आला की हुडकेश्वरमधल्या आमच्या घरासमोरची ती सकाळ आठवते. कामठीचा एक माणूस दुपारी आमची जुनी गाडी विकत न्यायला येणार होता आणि बाबा तिचे स्पार्क प्लग बदलत होते. त्यांची जाड बोटं आत पोचेनात, म्हणून त्यांनी नवा प्लग रबरी नळीच्या टोकात खोचून माझ्या हातात दिला. "हळू फिरव वं. जोर लावला तं आटे बिघडतीन." शेजारचे काका कुंपणावरून हसले, "विकून राहिला न गा? मंग नवे प्लग काहून?" बाबा म्हणाले, "रस्त्यात बंद पडली तं त्याचे लेकरं उन्हात उभे राहतीन न." मला गाडी जायला नको होती. शेवटचा प्लग सैल ठेवला, तर इंजिन अडखळेल आणि तो माणूस नको म्हणून परत जाईल, असं क्षणभर मनात आलं. मग मी पाना घेतला आणि प्लग नीट आवळला. दुपारी किल्ली देताना बाबा त्या माणसाला एवढंच म्हणाले, "प्लग माह्या पोरीनं टाकले." गाडी एकदाही न अडखळता वळणाआड गेली. अजूनही तशी गाडी दिसली की मी आधी तिच्या इंजिनाचा आवाज ऐकते.