सगळ्या डोक्यांची टोपी

तुम्हाला तुमच्या डोक्याचं माप माहीत आहे का?

नाही ना? चपलेचा नंबर माहीत असतो, बांगडीचं माप कासाराने विचारायच्या आत सांगता येतं. पण डोकं किती इंच, असं विचारलं की माणूस नुसता बघत राहतो. मलाही माहीत नव्हतं. आता आमच्या अख्ख्या वाडीच्या डोक्यांची मापं मला तोंडपाठ आहेत आणि त्यांचा उपयोग मला कोणी विचारू नये.

आमच्या शिवणाच्या खोलीत दिवसभर कातरण पडत असतं. संध्याकाळी झाडून काढलं तरी दुसऱ्या दिवशी तेवढंच. टोपीचे किस्से असेच साठले. मी सांगायला बसले की सुलू म्हणते, "वैनी, ह्यातलो शहाणपणाचो एक तरी सांग!"

तसा एकही नाही.

*

आम्ही आचऱ्यातल्या चौघी. प्रमिलाकाकी तीस वर्षं परकर आणि ब्लाउज शिवतायत. सुलूची जीभ तिच्या कात्रीपेक्षा धारदार. रोहिणी सगळ्यात लहान, तिच्या हातचं भरतकाम बघत राहावं असं. आणि मी दहावी पास, म्हणून कुठे बोलणी करायची असली की तिघी मला पुढे ढकलतात.

तोंडवलीच्या नंदूदादांच्या पर्यटकांना फिरवायच्या दोन बोटी आहेत. बोटीत बसलेल्या माणसांच्या टोप्या वाऱ्याने उडून समुद्रात जातात, म्हणून त्यांना स्वतःच्याच टोप्या करून हव्या होत्या. बोलावलं म्हणून आम्ही गेलो.

"वैनी, माका साइजी नको," दादा म्हणाले. "ल्हान, मोठी, मधली, मी खंय सांभाळीत बसू? एकच टोपी होयी. पोराक बसाक होयी आणि आजोबाकव."

"बसेल!" मी म्हटलं.

सुलूने टेबलाखालून माझा पाय दाबला. मला वाटलं, शाबासकी देतेय. म्हणून मी पुढे म्हटलं, "आणि वाऱ्याने उडणारही नाही!"

तिने दुसऱ्यांदा पाय दाबला तेव्हा माझी चप्पल तुटली.

*

परत येताना रिक्षात रोहिणी माझ्या शेजारी बसली होती. मग हळूच म्हणाली, "वैनी, ही ऑर्डर मिळाली तर मी जावचंय नाय."

तिचं माहेर दोडामार्गाचं. तिच्या भावाने गोव्यातल्या एका कंपनीत तिच्यासाठी शब्द टाकला होता. तिकडे खोली घेऊन राहायचं आणि सात वर्षांच्या लेकीला इकडे सासूकडे ठेवायचं. आमच्या खोलीत पावसाळाभर काम नव्हतं, त्यामुळे "जाऊ नको" असं म्हणायला आम्हाला तोंडही नव्हतं. भाऊ दसऱ्यापर्यंत थांबणार होता.

मी तिच्या हातावर हात ठेवून म्हटलं, "काळजी करू नको गो. टोपीच ती! तेच्यात काय कठीण आसा?"

हे वाक्य सुलूने मला पुढचे दोन महिने दिवसातून एकदा तरी ऐकवलं. कधी चहाबरोबर, कधी नुसतंच.

*

पहिली मापं आम्ही आमचीच घेतली. शुक्रवार होता. चौघीही देवळात जाऊन आलेल्या, प्रत्येकीचा अंबाडा, त्यावर वेणी. मी टेप घेतली आणि कपाळापासून मागे अशी नीट फिरवली. एकीचं सव्वीस, एकीचं सत्तावीस. प्रमिलाकाकींचं अठ्ठावीस!

"बायकांची डोकी पुरुषांपेक्षा मोठी असतात," मी वहीत लिहिता लिहिता म्हटलं. "मला आधीपासून वाटायचंच."

त्या मापाचं सॅम्पल घेऊन आम्ही तोंडवलीला गेलो. दादांनी टोपी डोक्यावर ठेवली. ती कपाळावर थांबली नाही, डोळ्यांवर थांबली नाही, थेट मिशीवर येऊन टेकली. दादा भला माणूस. आतून म्हणाले, "वैनी, टोपी बरी आसा. फकत हंय काळोख कित्याक झालो?"

खोलीवर आल्यावर रोहिणीने माझ्या अंबाड्याचे आकडे एकेक करून काढले आणि टेप परत फिरवली.

साडेएकवीस!

*

मग प्रमिलाकाकी म्हणाल्या, "लहानमोठा करूचा तर नाडी घालूची. तीस वर्षा माझो परकर कोणाच्या कमरेक झालो नाय असा झाला नाय."

आम्हाला ते एकदम पटलं. टोपीला खालून नेफा केला, आत पांढरी नाडी ओवली, मागे दोन टोकं सोडली. शिवण इतकी सफाईदार की मी ती टोपी उलटसुलट करून चारदा बघितली. सुलूचा नवरा बाळा, त्याला आम्ही ती घालून मासळीबाजारात पाठवलं. माणसांनी बघावी, हा हेतू.

माणसांनी बघितली. बाळा दहा मिनिटांत परत आला, मासे न घेता.

"काय झाला?" सुलूने विचारलं.

"काय होताला? अख्खो बाजार इचारता, बायलेचो परकर डोक्यार वाळत घातलंस काय रे?"

सुलू हसून हसून खाली बसली. प्रमिलाकाकी मात्र दोन दिवस बाळाशी बोलल्या नाहीत. बाजाराचं ठीक, पण टोपी काढताना त्याने नाडीचं टोक ओढून नाडी आत घालवली होती, आणि परकर शिवणाऱ्या बाईसाठी यासारखा अपमान नाही.

*

नाडी गेली, इलॅस्टिक आलं. ही कल्पना माझी.

आमचे हे बाजारात वह्या-पेनांचं दुकान चालवतात. त्यांना मी इलॅस्टिकची टोपी दिली आणि म्हटलं, "तीन दिवस घाला आणि काय त्रास झाला तर सांगा." तीन दिवस हे रोज सकाळी टोपी घालून निघाले, रोज दुपारी टोपी घालून आले. एक शब्द नाही! मी खोलीत जाऊन जाहीर केलं, "टोपी जमली."

रोहिणी खाली मान घालून म्हणाली, "वैनी, रागावू नकात. तुमचे मिस्टर गेटीतसून भायर पडले की टोपी पिशवेत घालतत. येताना परत काढतत."

घरी जाऊन मी यांना विचारलं, "आवडली नव्हती तर सांगायचं ना?"

"तू एवढी खूश होतीस," हे म्हणाले. आणि कपाळ पुढे केलं. रोज फक्त गेटपर्यंत घातलेल्या टोपीचा लाल पट्टा अजून दिसत होता.

*

चिकटपट्टीचा प्रकार थोडक्यात सांगते, कारण तो देवळात घडला.

मागे चीर ठेवायची आणि बुटांना असते तशी चर्रकन उघडणारी चिकटपट्टी लावायची, म्हणजे हवी तेवढी सैल, हवी तेवढी घट्ट. खरंच छान बसायची. बाळाचा बाजारातला राग गेला होता, त्यामुळे पुन्हा त्यालाच घातली. संध्याकाळी तो तशीच घालून देवळात गेला. आरती संपली, सगळे डोळे मिटून उभे, गुरवांनी देवाला गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. तेवढ्यात बाळाच्या लक्षात आलं, डोक्यावर टोपी आहे.

चर्रर्रर्र!

गाऱ्हाणं थांबलं. पुढे उभ्या असलेल्या चार पुरुषांनी एकदम मागे हात नेऊन आपापली पँट चाचपली.

गुरव डोळे न उघडता म्हणाले, "कोणाचा काय फाटला ता बघा आणि मगे सांगा. देव थांबतलो."

*

दसरा पंधरा दिवसांवर आला. रोहिणीच्या भावाचे फोन वाढले. ती फोन घ्यायला बाहेर जायची आणि आत आल्यावर कोणाकडे बघायची नाही. टाके मात्र तेवढेच सुबक. मला ते बघवत नव्हतं.

मी ठरवलं की चूक कुठे होतेय ते शोधायचं, म्हणजे वाडीतलं सगळ्यात मोठं डोकं मोजायचं. ते बाबीकाकांचं. बाबीकाका जुने मासेमार, आता ओटीवर बसून जाळी दुरुस्त करतात. भयंकर तापट. सरळ विचारलं तर टेपसकट बाहेर काढतील, म्हणून आम्ही दुपारी ते झोपलेले असताना गेलो. सुलूने डोकं अलगद उचललं, मी टेप सरकवली.

काकांनी एक डोळा उघडला. टेप बघितली, मला बघितलं, सुलूला बघितलं आणि घरात हाक मारली, "अगो, भायर ये! ही बायलमाणसा माझ्या तिरडेचा माप घेतत!"

"काका, तसा काय नाय—" मी म्हणाले.

"तसा नाय तर कसा? डॉक्टरान काल माका सांगल्यान, सगळा बरा आसा. तुमका काय वेगळा सांगल्यान?"

*

त्याच बाबीकाकांनी आम्हाला वाट दाखवली, हे खरं. चार दिवसांनी स्वतःच खोलीवर आले, टोपी उलटी करून बघितली आणि म्हणाले, "इलॅस्टिक नको, चिकटपट्टी नको. मागे दोरी घाल आणि सरकती गाठ मार. ओढलास की घट, ढकललास की सैल. आमी जल्मभर जाळ्याक मारतो. कितीव वारो येवंदे."

त्यांनी गाठ मारून दाखवली. खरंच, बोटाने ओढली की घट्ट, ढकलली की सैल! प्रमिलाकाकींच्या डोक्याला बसली, तीच रोहिणीच्या लेकीला बसली, तीच बाबीकाकांना बसली. सुलूनेसुद्धा मान डोलावली.

काकांची दोरी नायलॉनची होती. मला वाटलं, बिचाऱ्या पर्यटकांच्या मानेला टोचेल. म्हणून मी तिच्या जागी मऊ सुती दोरी घातली. हा बदल माझा एकटीचा आहे, त्याचं श्रेय दुसऱ्या कोणाला देऊ नये.

*

दसऱ्याला दोन दिवस असताना आम्ही तोंडवलीला ट्रायलला गेलो. मी, सुलू आणि रोहिणी. सॅम्पल एकच होतं, पण काय सॅम्पल होतं! रोहिणीने पुढे निळ्या दोऱ्याने बोटीचं नाव भरलं होतं: जानकी. दादांच्या वारलेल्या आईचं नाव. दादांनी ते बघितलं, अंगठा त्यावरून फिरवला आणि टोपी घातली. मागची दोरी ओढली. डोक्याला अशी बसली, जणू त्यांच्या डोक्यावरच शिवली!

आम्हाला बोटीत घेऊन ते स्वतः निघाले. खाडीबाहेर पडल्यावर वारा सुटला. माझा पदर उडाला, सुलूची पिशवी उडाली. टोपी जाग्यावर. दादांनी मान डावीकडे हलवली, उजवीकडे हलवली, वाकून बघितलं. टोपी जाग्यावर!

"वैनी, जमला गो!" दादा ओरडले.

मी रोहिणीकडे बघितलं. ती दुसरीकडे बघत होती, पण माझा हात तिने गच्च धरला होता.

तेवढ्यात एक लाट आली आणि दादांना डोक्यापासून पायापर्यंत आंघोळ घालून गेली. टोपी तरीही जाग्यावर! आम्ही तिघींनी टाळ्या वाजवल्या.

किनाऱ्यावर उतरल्यावर दादांनी टोपी काढायला हात मागे नेला. गाठ ढकलली. पुन्हा ढकलली. मग मी ढकलली. सुती दोरी पाण्यात फुगते आणि गाठ दगड होते, हे रोज कपडे धुणाऱ्या बाईला कोणी सांगायला नको होतं. रोहिणीने सुई घालून बघितली. सुलूने दात लावून बघितले. दादांचा खलाशी टोपी धरून वर ओढायला लागला तसे दादा ओरडले, "अरे मेल्या, टोपी काढतंस काय माका काढतंस?"

मी पिशवीतून कात्री काढली. "दादा, हलू नकात. मागची दोरी कापतंय, संपला."

दादांनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले. "कात्री लावची नाय."

"नाव पुढे आसा, दादा. मी मागे कापतंय."

"पुढे आसो नायतर मागे आसो. आवशीच्या नावाची टोपी ती. ऑर्डरीचा मी उद्या सांगतंय." आणि तसेच भिजलेले, टोपी घातलेले, मोटारसायकलला किक मारून घरी गेले.

रिक्षात रोहिणीने भावाला फोन लावायला मोबाईल काढला. मी म्हटलं, "उद्या सकाळपर्यंत थांब गो." तिने मोबाईल परत पर्समध्ये ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता नंदूदादा आमच्या खोलीवर आले आणि दोनशे टोप्यांची ऑर्डर देऊन गेले. टोपी डोक्यावरच होती, खोबरेल तेलात चिंब भिजलेली.