कुलुयपा आणि चहाडखोर डबी

नारिन नदीच्या वरच्या अंगाला, जिथं रस्ता संपतो त्या गावात कुलुयपा एकोणतीस वर्षं नर्स होती. डॉक्टर तिथं टिकत नसत. त्यामुळं बाळंतपणापासून मोडक्या हाडांपर्यंत सगळं तिच्याच गळ्यात. गुडघे कुरकुरायचे, पण घोड्यावर ती अजून ताठ बसायची.

दोन वर्षांपूर्वी जिल्ह्याहून पांढऱ्या डब्या आल्या. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरात भिंतीवर एकेक लावायची. अंगाला ना वायर, ना पट्टा. डबी न दिसणाऱ्या लहरी सोडून छातीची हालचाल टिपायची आणि श्वासाचे आकडे कुलुयपाच्या फोनवर दिवसभर येत राहायचे.

बुरमा आपा ऐंशीच्या पुढची, नमदे म्हणजे लोकरीचे जाड गालिचे शिवणारी, जिभेला धार. डबीकडं बघून तिनं विचारलं, "मी अंघोळीला बसले की बघेल का गं ही?"

"आपा, हिला डोळे नाहीत. नुसता श्वास कळतो."

"मग आमच्या ह्यांच्यापेक्षा बरी. त्यांना चाळीस वर्षांत तोही कळला नाही."

मार्चमध्ये एका दुपारी फोनवर आपाचा श्वास मिनिटाला चाळिसावर गेला, मध्येच वीस, पुन्हा चाळीस. कुलुयपानं कणीक तशीच टाकली आणि बर्फातून घोडा हाकला. आपा खिडकीशी शिवत बसली होती. तिच्या अंथरुणात, डबीच्या अगदी समोर, एक नवं कोकरू धापा टाकत झोपलं होतं.

"आई मेली गं त्याची," आपा म्हणाली. "आलीच आहेस तर बघ त्याला."

कुलुयपानं कोकराच्या छातीला तपासायची नळी लावली. संध्याकाळपर्यंत नर्सनं कोकरू तपासल्याचं गावभर झालं.

नऊ दिवसांनी सकाळी आकडा पुन्हा चढला. दवाखान्याची जीप चालवणारा एर्मेक हसला. तो तिला एजे, म्हणजे ताई म्हणायचा. "एजे, कोकरूच असणार. रस्त्यात चिखल किती आहे बघा."

कुलुयपानं फोन त्याच्यापुढं धरला. "काल सकाळी वीस, संध्याकाळी चोवीस, आता चौतीस. कोकराचा आकडा उड्या मारत होता, हा पायरी पायरीनं चढतोय. गाडी काढ."

आपा उशांना टेकून बसली होती. आडवं होता येत नव्हतं. पावलं सुजलेली, ओठ निळसर. हृदय थकलं होतं, फुप्फुसात पाणी साठत होतं. कुलुयपानं इंजेक्शन दिलं, प्राणवायूची नळी लावली, आणि दोघांनी तिला उचलून जीपमध्ये घेतलं.

"कालपासून दम लागतोय ना? फोन का नाही केलास?"

"तुझे गुडघे दुखतात," आपा धापांमधून म्हणाली. "म्हटलं, चिखलात कशाला बोलवायचं. त्या मेल्या डबीनं चहाडी केली."

कुलुयपाला रागवायचं होतं. तिनं फक्त आपाची शाल नीट केली आणि तोंड खिडकीकडं वळवलं. एर्मेकनं आरशात पाहिलं आणि गाडी जरा जपून हाकली.

जिल्ह्याच्या दवाखान्यात आपा अठरा दिवस राहिली. घरी आली ती बारीक होऊन, पण जीभ शाबूत. आता ती बाहेर पडताना आधी फोन करते.

"शेजारी चहाला चाललेय. श्वास दिसला नाही तर रडत बसू नकोस."

"जा," कुलुयपा म्हणते, "पण त्या खाऱ्या चहात मीठ कमी घाल, हृदयाला सोसत नाही."

"तेवढं तुझ्या डबीला कळत नाही," म्हणत आपा फोन ठेवते.