लाल-निळी पेन्सिल

वर्तमानपत्रातला लेख वाचून तुम्हांला संताप येतो. पण त्यातले घडलेले किती आणि लेखकाला वाटलेले किती, हे तुम्ही कधी वेगळे केले आहे काय?

राजूरला गणपतीच्या सकाळच्या आरतीनंतर आम्ही चौघे वाचनालयात हेच करतो. निवृत्त मुख्याध्यापक वसंतरावांनी त्यासाठी दोन टोकांची पेन्सिल आणली. घडलेल्याखाली निळी रेघ, मताखाली लाल. त्या दिवसापासून किश्श्यांना खळ नाही.

पहिल्याच दिवशी कापडवाले कांतिलालशेठ यांनी अख्खा लेख निळा केला. कारण विचारले, तर म्हणाले, "छापून आलंय ना? मंग झालंच असंल की."

भाऊराव शेतकरी. कापूस सोडून सर्वांनी सोयाबीनच लावावे, या वाक्याखाली त्यांनी निळी रेघ ओढली. हे घडले की घडावे, असे सरांनी विचारले. "माझ्या रानात घडलं." सरांनी निर्णय दिला: रानापुरते निळे, बाकी लाल.

माझीही चूक सांगतो. चतुर्थीच्या गर्दीवर एकाने टीका लिहिली होती. देवाचा विषय, मी रागाने सगळेच लाल केले. त्यात जाफराबादची एसटी दोन तास अडकल्याचेही वाक्य होते. शेठ शांतपणे म्हणाले, "अण्णा, एसटी अडकली ती अडकलीच. तुमच्या रागानं सुटती का?" मी रेघ खोडली.

मग तो लेख आला. साप्ताहिकात, लेखकाच्या नावाविना. मंदिराच्या रस्त्यावर फुले विकणारी कौसाबाई शिळी फुले सार्वजनिक विहिरीत टाकते. तिचे दुकान हटवावे. चार दिवसांनी ग्रामसभेत हाच विषय होता. त्या दुकानावरच तिचे घर चालते.

पाणी स्वच्छ असावे, याला लाल रेघ. आम्ही सारे सहमत. फुले विहिरीत टाकते, याला निळी. सर घाईने म्हणाले, पुढे चला. भाऊराव उठले. "निळं हाय ना? मंग बघून येऊ."

सर आले नाहीत. आम्ही तिघे गेलो. विहिरीवर बारीक लोखंडी जाळी, जाळीला कुलूप, किल्ली पाणीवाल्याकडे. कौसाबाईने आम्हांला घरामागचा खताचा खड्डा दाखवला. कालचा झेंडू वरच होता.

परत येऊन आम्ही सांगितले. वसंतरावांनी पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले, "लेख माझा आहे. मी पाहिले नव्हते, ऐकले होते. पण हेतू चांगला होता."

शेठ म्हणाले, "हेतू लाल हाय, सर. निळं कुठंय?"

ग्रामसभेत सरांनी स्वतःचे नाव सांगून ते वाक्य मागे घेतले. दुकान राहिले. आम्ही तिघांनी आणखी एक दंड ठरवला: पुढच्या चतुर्थीला सरांनी दिवसभर कौसाबाईशेजारी बसून दूर्वांच्या जुड्या बांधायच्या.

दुपारपर्यंत सरांनी टोपलीभर बांधल्या. कौसाबाईने एक जुडी सोडली, मोजली. अठरा दूर्वा निघाल्या. दुसरी सोडली, तेवीस.

"एकवीस लागतात, सर. मोजून बांधा. अंदाजानं न्हाई."

सरांनी टोपली मांडीवर घेतली आणि बांधलेली प्रत्येक जुडी सोडायला सुरुवात केली.