आधी पाय पूस

"रडायचं मागनं. आधी पाय पूस."

शाळेच्या दारात गोणपाट अंथरलेलं असायचं आणि त्याच्या पलीकडे आमच्या मोठ्या बाई कमरेवर हात ठेवून उभ्या. पोरगं पडून आलेलं असो नाहीतर बापाचा मार खाऊन, प्रत्येकाला हेच वाक्य. अशा एखाद्या बाई तुम्हीही पाहिल्या असतील. त्यांचा राग यायचा, आणि त्या रजेवर गेल्या की करमायचं नाही.

आमची शाळा नदीपल्याड, मळ्यांमधल्या वस्तीत. शहराकडच्या गंगापूर रोडवरून यायचं तर पात्रातच टाकलेल्या बुटक्या फरशी पुलावरून. पोरं भाजी नि फुलं पिकवणाऱ्यांची, काही मजुरांची. सत्तरच्या दशकातली गोष्ट. पट कमी आहे तर शाळा बंद करावी आणि पोरं गंगापूर रोडच्या शाळेत घालावी, असं वर कुणाच्या तरी डोक्यात आलं होतं. बाईंनी त्याची हाय खाल्ली होती.

"मुलगे जातील हो, मास्तर," त्या मला म्हणायच्या. "पण पूल ओलांडून मुलींना कोण धाडतंय? त्यांच्या हातात खुरपं येईल."

शिक्षण खात्याचे साहेब डोकी मोजायला यायचा दिवस ठरला आणि नेमकी झड लागली. सूर्य म्हणून दिसेना. त्या सकाळी बाकीचे शिक्षक आलेच नाहीत. आलो मी आणि बाई. पोरं तर अगदीच मोजकी.

"सगळे वर्ग तुम्ही धरा," असं म्हणून बाईंनी पदर खोचला, छत्री उचलली आणि चिखलात उतरल्या. इकडे मी एका वर्गाला पाढे, दुसऱ्याला कविता आणि तिसऱ्याला गप्प बसायला शिकवत होतो. कौलं गळायची तिथून पोरं सरकायची. सरकत सरकत सगळी शाळा एका कोपऱ्यात आली. तिथूनच मी देशाचं भवितव्य घडवत राहिलो.

बऱ्याच वेळानं बाई आल्या त्या घराघरांतून पोरं उपसून. एक काखेत, एक पाठुंगळी, बाकीची मागे निथळत. शाळेत नाव नसलेली धाकटी भावंडंही त्यांनी उचलली होती. मी बघतच राहिलो.

"डोकी मोजायचीत ना?" बाई म्हणाल्या. "ह्यांना काय डोकी नाहीत?"

पोरं कुडकुडायला लागली तशी बाईंनी गॅदरिंगची ट्रंक उघडली. घटकाभरात वर्गात मावळे, वानर, दोन सीता आणि एक वासुदेव बसले. चार वर्षांच्या शेंबड्या मंदीच्या वाट्याला ऋषीचं धोतर आलं, वर पोटापर्यंत दाढी.

"दाढी कशाला, बाई?"

"गळ्याला ऊब," म्हणून त्यांनी दुसरीकडे पाहिलं.

एवढ्यात साहेब दारात. नखशिखांत भिजलेले, वर चिखलात बसकण मारून आलेले.

"हे काय चाललंय काय?"

"बोलायचं मागनं, साहेब. आधी पाय पुसा."

साहेबांनी पुसले. पुसणार नाहीत तर काय करतील? ट्रंकेत कोरडा म्हणावा असा रावणाचा जरीचा अंगरखा तेवढा उरला होता. साहेब आधी नको म्हणाले, मग शिंकले, आणि मग घातला. दहा तोंडांचा पुठ्ठा बाईंनी पुढे केला नाही, एवढं भान त्यांना होतं.

रावणानं मोजणी सुरू केली. ऋषीपाशी येऊन बोट थांबलं.

"हा कितवीत?"

बाई बोलायच्या आत ऋषीनं "आये" म्हणून भोकाड पसरलं आणि दाढी सुटून खाली पडली.

"बाई, ही मुलगी आहे. आणि हिचं वय काय?"

"ऋषीचं वय कोण विचारतं, साहेब?"

साहेब हसले नाहीत. "हिला मला धरता येणार नाही. पट कमीच भरतोय. माझा नाइलाज आहे."

बाई मटकन ट्रंकेवर बसल्या. मंदी रडत होती, पण तिला त्या काही बोलल्या नाहीत. नुसतं पदरानं तिचं नाक पुसत राहिल्या. मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात मंदीचा बाप डोक्यावर पोतं घेऊन धावत आला. "बाई, धरणाचं पाणी सोडलं. फरशी गेली पाण्याखाली. लय पाणी हाय."

"अरे, मग मी जायचं कसं?" साहेब म्हणाले.

बाई सावकाश उठल्या. मंदीला त्यांनी साहेबांसमोर उभं केलं.

"तेच विचारतेय मी, साहेब. तुम्हाला जमत नाही, तिथनं हिनं रोज जायचं?"

साहेब खिडकीशी जाऊन पाणी बघून आले. मग बाईंनी त्यांना चौथीच्या वर्गावर पाठवलं. आमच्याकडे रिकामं बसायची पद्धत नव्हती. रावणानं अपूर्णांक शिकवले, आणि बरे शिकवले. संध्याकाळी मंदीच्या बापानं त्यांना ट्रॅक्टरवर घालून मखमलाबाद गावावरनं लांबच्या वळशानं पोचतं केलं. हातात ओल्या कपड्यांचं बोचकं, अंगात जरीचा अंगरखा. अख्ख्या मखमलाबादनं पाहिलं. पण पावसात पूल बुडतो असं साहेबांनी वर लिहून कळवलं आणि शाळा राहिली. अंगरखाही धुऊन, इस्त्री करून परत आला.

पुढे बाई निवृत्त झाल्या आणि काही वर्षांनी, अशाच एका झडीत, गेल्या. मी त्यांच्या घरी पोचलो तेव्हा दारात गोणपाट होतं आणि त्याच्या पलीकडे कुणीच उभं नव्हतं. मला उंबऱ्यातच हुंदका फुटला. पाय चिखलानं भरलेले, तसाच आत निघालो होतो.

आतून एक तरुण मुलगी आली. रडून तिचे डोळे सुजले होते. मंदी. त्याच वर्षीच्या जूनपासून ती आमच्याच शाळेत पहिलीच्या वर्गावर बाई म्हणून लागली होती. तिनं मला दारातच अडवलं.

"रडायचं मागनं, मास्तर," ती म्हणाली. "आधी पाय पुसा."