शोभाने माझ्या वतीने दिलेला शब्द

आधीच सांगते, भूतखेत, आत्मे वगैरे मी मानत नाही. आम्ही बौद्ध, घरात अंगारे-धुपारे कधी चालले नाहीत. त्यात मी गणिताची बाई. तेव्हा कृपया 'शांती करून घ्या' असे सल्ले देऊ नका!

तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात, जैनथ मंडलातल्या एका गावात आमची मराठी माध्यमाची शाळा. शिक्षिका दोघीच – मी, वंदना, आणि शोभा. कॉलेजात पहिल्या दिवशी जागेवरून भांडलो आणि मग एकाच बाकावर बसलो. बी.एड. बरोबर केलं, फिरूनफिरून एकाच शाळेत आलो. मागच्या हिवाळ्यात ती आजारपणात गेली...

त्यानंतर मला शाळेत बसवेना. मनाशी ठरवलं, यंदा बदलीचा अर्ज भरायचा आणि आदिलाबादला निघून जायचं. मी गेले की इथे मराठी शिकवणारं कोणी येणार नाही, शाळेला कुलूप लागेल, हे मला स्वच्छ कळत होतं. म्हणूनच कोणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशीसुद्धा नाही.

दरवर्षी शाळा उघडण्याआधी आम्ही घरोघर फिरून मुलं आणायचो. ओढ्यापलीकडची वस्ती शोभाच्या वाट्याची. यंदा मी तिकडे फिरकलेच नाही.

तरी पहिल्या दिवशी सकाळीच एक बाई लेकीला घेऊन हजर! सुनीता नाव. बाहेरगावच्या कामावरून कुटुंब नुकतंच इथे राहायला आलेलं. शोभाला तिने पाहिलेलं असणं शक्यच नव्हतं.

"काल तुमच्या दुसऱ्या मॅडम आल्या होत्या ना वस्तीवर," ती म्हणाली. "त्यायनंच सांगतलं, पोरीले शाळेत टाका."

"कोणत्या मॅडम?"

"उंच्यापुऱ्या. चाय देल्ला तं चिमटीभर मीठ मागून राह्यल्या! म्या म्हन्लं, मीठ काऊन जी? तं नुसत्या हासल्या."

चहात मीठ ही शोभाची होस्टेलपासूनची खोड. मी मोबाईलमधला फोटो समोर धरला.

"ह्याच की!"

सुनीता आपली बोलतच होती, "म्या इचारलं, तुमी बदलून गेल्या तं पोरीचं कसं? तं म्हने, वंदना जायाचा इचार करून राह्यली, पन ते जानार नाई. मी शब्द देतो तुमाले."

बाई गं! मेल्यावरसुद्धा मला न विचारता परस्पर ठरवून मोकळी... मला रडू आलं आणि तिचा रागही आला.

मग मी रीतसर चौकशी केली. वस्तीवर आणखी कोणालाच ती दिसली नव्हती. मीठ, फोटो – कोणीतरी सांगितलं असेल, दाखवला असेल, मान्य. पण बदलीचं? ते माझ्या डोक्याबाहेर गेलेलंच नव्हतं. याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही, आणि मी ते ओढूनताणून जुळवणारही नाही.

अर्ज मी भरला नाही. त्याच संध्याकाळी ओढा ओलांडून वस्तीवर गेले आणि प्रत्येक दारात उभं राहून सांगितलं, "पोरं पाठवा. मी कुठे जात नाही."